उन्हाळ्यात खाडीच्या तोंडावर गरवणं (गळाने मासे पकडणं): प्रकल्पाच्या नोंदी

१२ एप्रिल

दरवर्षी उन्हाळ्यात तेच ऐकतो, "पाणी तापलं, आता मासा लागायचा नाही", आणि दरवर्षी मी मान डोलवून घरी बसतो. यंदा ठरवलं की बसायचं नाही, मोजायचं. एकच जागा, खाडी समुद्राला मिळते तिथला दक्षिणेकडचा खडप (खडकाळ काठ) आणि त्याला लागून असलेला वाळूचा पट्टा. पाऊस येईपर्यंत जमेल तेवढ्या वेळा जायचं, दर वेळी सारखीच मापं घ्यायची आणि मासा लागो न लागो लिहायचं.

सामान: लांब वायरचा डिजिटल थर्मामीटर (वरचं पाणी आणि तीन मीटर खालचं, दोन्ही), पाण्याचा खारटपणा बघायला हायड्रोमीटर, दोरीला बांधलेली पांढरी गोल थाळी, अर्धी पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली, दहा मीटर दोरी, स्टॉपवॉच. थाळी पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते तिथे दोरीवर माप घ्यायचं, झाला पाण्याचा गढूळपणा. ही युक्ती अँजेलो सेकी नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञाची, त्याने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात असल्याच पांढऱ्या तबकड्या सोडून बघितल्या होत्या, आणि दीडशेच्या वर वर्षं झाली तरी समुद्राचे अभ्यासक अजून ती वापरतात. बाटली प्रवाहासाठी. अर्धी भरलेली असली की निम्मी पाण्याखाली राहते, वाऱ्याने फार पळत नाही, दहा मीटर जायला किती सेकंद लागले ते मोजायचं.

रॉड दोनच. एक हलका मुडदुशीसाठी, एक जड जिताडा-तांबोशीसाठी.

१४ एप्रिल

काल पौर्णिमा झाली, उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती-ओहोटी). सहाला पोचलो तेव्हा पाणी पार उतरलेलं, खडपाचा खालचा काळा भाग उघडा, कालवं दिसत होती. साडेसहा-पावणेसातला भरती लागली आणि सव्वासातनंतर जी मजा आली ती विचारू नका. बोयांची (लहान माशांची) झुंड काठाकाठाने आत सरकत होती आणि मागून काहीतरी त्यांना उडवत होतं. दोन तांबोशी, एक छोटा जिताडा, तीन-चार चावे हुकले. वरचं पाणी २९.४, खालचं २९.१, म्हणजे सारखंच. थाळी १ मीटर १० ला गायब. बाटली १५ सेकंदांत.

साडेनऊला ऊन चढलं म्हणून निघालो. निष्कर्ष लिहिला: पहाट भारी.

२१ एप्रिल

भांगाचे दिवस (चंद्र अर्धा असतो, भरती-ओहोटीचा फरक कमी). भरतीच्या वेळांच्या टेबलात भरती पहाटे सहाला होती. साडेपाच ते आठ उभा होतो, पाणी तळ्यासारखं. बाटली सोडली तर ती माझ्याकडे बघत तिथेच डोलत राहिली, दोन मिनिटांत दोन मीटर गेली असेल. एकही चावा नाही. पाणी स्वच्छ, थाळी १ मीटर ८० पर्यंत दिसत होती, तापमान १४ तारखेपेक्षा अर्धा अंश जास्त. आठला कंटाळून उठलो.

निष्कर्ष: भांगाला जायचं नाही. (हे मी जाड अक्षरात लिहून खाली रेघ मारलीये. लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.)

२४ एप्रिल

दुपारी गेलो होतो फक्त वारा बघायला, रॉड नेला नाही. अकरापर्यंत पान हलत नव्हतं, मग समुद्राकडून वारा सुरू झाला आणि तीनपर्यंत एवढा वाढला की खडपावर टोपी राहिना. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा ती जागा भरायला येते, शाळेत शिकलेलंच. पण गरवणाऱ्याच्या दृष्टीने यात एक जास्तीची गोष्ट आहे. हा वारा वरचं गरम पाणी काठाला ढकलत आणतो आणि लाटा वाळू ढवळतात, त्यामुळे दुपारी तीनला काठापाशी ३१.२ आणि पन्नास पावलं पुढे खडपाच्या टोकाला ३०.१. एका अंशाचा फरक, पन्नास पावलांत. म्हणजे "आज समुद्र अमुक अंश" असं जे फोनवर दिसतं त्याला इथे काठावर फारसा अर्थ नाही, उपग्रह भल्यामोठ्या तुकड्याचं आणि तेही अगदी वरच्या थराचं तापमान सांगतो.

२९ एप्रिल

अमावास्या काल होती, परत उधाण, परत पहाट, भरपूर अपेक्षा. आणि फजिती. रात्रीच्या सुकतीने (ओहोटीच्या पाण्याने) खाडीतला सगळा गाळ बाहेर आणलेला, थाळी ४० सेंटीमीटरला गायब, पाणी चहासारखं. दोन शिंगाळे लागले, बाकी काही नाही. शिंगाळ्याला काय, त्याच्या मिशाच चव घेतात, गढूळ पाण्यात त्याचंच राज्य. गळ काढताना पाठीवरचा काटा सांभाळा, पकडीने काढा, हाताने शहाणपणा करू नका.

१४ तारखेचं उधाण आणि हे उधाण, कागदावर सारखंच. फरक एवढाच की यावेळी आदल्या तीन दिवसांत वारा जोरात होता आणि लाटांनी तोंडावरची वाळू-गाळ आधीच सुटी करून ठेवली होती. म्हणजे आजचं पाणी बघताना परवाचा वारा बघायला लागतो. तक्त्यात नवा कॉलम: मागच्या तीन दिवसांचा वारा.

३ मे

भाचा आलाय सुट्टीला. त्याने माझी वही घेऊन सगळं एक्सेलमध्ये टाकलं आणि अर्ध्या तासात माझा पूर्ण एप्रिल निकालात काढला. म्हणाला, "मामा, तुझ्या गरवायच्या सगळ्या ट्रिप पहाटेच्याच आहेत. मग पहाट भारी हे तू कशाशी कंपेअर करून ठरवलंस?"

मी म्हटलं अरे सगळेच पहाटे जातात. तो म्हणाला, "हो ना, म्हणून सगळ्यांना पहाटेच मासा लागतो."

बरं एवढ्यावर थांबला नाही. त्याने भरतीच्या वेळा शेजारी टाकल्या आणि मग जे दिसलं ते मला वीस वर्षांत दिसलं नव्हतं. भरती रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, हे माहीत होतं. पण याचा परिणाम असा की एकाच जागी उधाणाची भरती नेहमी साधारण घड्याळाच्या त्याच वेळेला येते आणि भांगाची तिच्या सहा तास इकडेतिकडे. आमच्या या तोंडावर उधाणाला बाराच्या आसपास भरती, म्हणजे सकाळी सहाला ओहोटी आणि सात ते नऊ पाणी जोरात आत. भांगाला सकाळी सहालाच भरती, म्हणजे पहाटे पाणी थांबलेलं. मी दर वेळी पहाटे जाऊन उधाणाला धावतं पाणी आणि भांगाला मेलेलं पाणी बघत होतो, आणि दोष भांगाला देत होतो.

म्हणजे पहाट, उधाण आणि धावतं पाणी या तीन गोष्टी माझ्या वहीत एकमेकांना चिकटलेल्या आहेत आणि कुठली खरी ते एप्रिलच्या नोंदींवरून सांगताच येणार नाही. सोडवायचं कसं? भांगाला, भर उन्हात, पाणी धावत असताना जायचं. म्हणजे बरोबर ज्या वेळी कोणी जात नाही त्या वेळी. भाचा येणार म्हणाला, पण टोपी आणि पाणी माझं.

५ मे

भांग. टेबलात भरती सातला. आम्ही मुद्दाम नऊला पोचलो. साडेनऊपासून बाटली धावायला लागली, दहाला २४ सेकंद, साडेदहाला २१. उधाणाच्या मानाने हळूच पण धावतंय. वरचं पाणी ३१.५, तीन मीटर खाली ३०. डोक्यावर ऊन, खडप अनवाणी पायाला चटका देणारा.

दहा वाजून दहा मिनिटांनी पहिली तांबोशी. मग मुडदुशी पाच, वाळूच्या पट्ट्याच्या कडेला जिथे उथळ पाणी एकदम खोल होतं तिथेच, एकही उथळात नाही. मग एक तांबोशी खडपाच्या सावलीतून. अकरा-सव्वाअकरानंतर पाणी मंदावलं तसे चावे पण मंदावले, साडेबारापर्यंत बसलो, शून्य. ऊन दहालाही होतं आणि बारालाही होतं, बदललं ते पाणी.

एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही हे भाच्याने तीनदा सांगितलं. ऐकलं. पण ती जाड अक्षरातली ओळ मी स्वतःच्या हाताने खोडली.

उथळात का नाही, याचं मला पटलेलं कारण ऑक्सिजन. पाणी जेवढं गरम तेवढा त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात २० अंशाला लिटरमागे साधारण ७.४ मिलिग्रॅम, ३० अंशाला साधारण ६.२. आणि मासा थंड रक्ताचा, पाणी दहा अंश तापलं की त्याच्या शरीराचा खर्च ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे भूक जास्त, श्वास कमी. असा मासा उगीच पळापळ करणार नाही, तो धावत्या पाण्याच्या कडेला, खोलीच्या काठावर, सावलीत उभा राहणार आणि खाणं वाहून समोर येईल तेव्हाच तोंड उघडणार. पाणी थांबलं की डबा यायचा बंद झाला. उन्हाळ्यात मासा खात नाही असं नाहीये, तो शोधत फिरत नाही.

६ मे

आजचं काम फक्त घड्याळाचं. टेबलात भरती ८ वाजून २ मिनिटं. बाटली सोडत बसलो. आठला पाणी अजून आत चाललंय. सव्वाआठ, आत. साडेआठ, अजून आत, हळू. ८:४७ ला थांबलं. ८:५५ ला बाहेर वळलं.

४५ मिनिटांचा फरक! कारण तसं सोपं आहे, टेबल उघड्या किनाऱ्यावरच्या पाण्याच्या उंचीचं असतं, प्रवाहाचं नाही. बाहेर समुद्र उतरायला लागला तरी खाडी आतून अजून भरायची असते, तिला अरुंद तोंडातूनच सगळं पाणी घ्यायचं असतं, म्हणून पाणी आत येत राहतं. प्रत्येक खाडीचा हा उशीर वेगळा, तोंड किती अरुंद आणि आतलं पोट किती मोठं त्यावर. आणि इतकी वर्षं मी टेबल बघून "आता सुकती लागली" म्हणून ल्युअर (खोटं आमिष) आतल्या दिशेला फेकत होतो, पाणी आत जात असताना. मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणजे मी पाऊण तास त्याच्या शेपटीमागून ल्युअर आणत होतो.

ही एक गोष्ट कोणालाही बाटली आणि घड्याळ घेऊन एका सकाळी करता येते. तुमच्या जागेचा आकडा तुम्हीच काढा, माझा ४५ तुमच्या कामाचा नाही.

९ मे

केंडांनी वैताग आणला. कोळंबी लावली की दोन मिनिटांत गळासकट गायब, लीडर (गळाजवळचा दोरीचा तुकडा) कात्रीने कापल्यासारखा. केंडाचे दात म्हणजे चोचच असते. फ्लोरोकार्बन लीडर लावायचं कारण असं की प्रकाश वळवण्यात तो पाण्याच्या जास्त जवळ असतो (पाणी १.३३, फ्लोरोकार्बन १.४२ च्या आसपास, साधा नायलॉन १.५ च्या वर) त्यामुळे स्वच्छ पाण्यात कमी दिसतो म्हणतात, पण केंडाला दिसो न दिसो त्याला चावायचंच असतं. लागला तर खायच्या फंदात पडू नका, त्यात टेट्रोडोटॉक्सिन असतं आणि शिजवून ते जात नाही. खेकड्याचा तुकडा लावल्यावर जरा टिकला. जास्त लिहिण्यासारखं नाही.

१५ मे

आज गेलो आणि रॉड न काढता परत आलो. वारा शून्य, आकाश निळं, समुद्र लांबून आरशासारखा, आणि खडपावर दर पंधरा-सोळा सेकंदांनी एक गुळगुळीत फुगवटा येऊन माणूसभर उंच चढतोय. मधली दहा-बारा मिनिटं काहीच नाही, मग पाच-सहा मोठे एकामागून एक. हे इथल्या वाऱ्याचं पाणीच नव्हे, लांब कुठल्यातरी वादळाने पाठवलेलं. लाटेचा काळ (एका लाटेपासून दुसरीपर्यंतचा वेळ) पंधरा सेकंद असेल तर खोल समुद्रात असा लाटांचा गट ताशी चाळीस-बेचाळीस किलोमीटरने येतो, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटर. वादळ चार हजार किलोमीटर लांब असलं तर चार दिवसांनी तुमच्या पायाशी. इथल्या हवामानाच्या अंदाजात वारा बघून "आज शांत" ठरवणारा माणूस असल्याच दिवशी खडपावरून जातो.

भाचा म्हणाला थोडं वर उभे राहू. मी म्हटलं वीस मिनिटं इथेच बसून बघ, मग ठरव. अकराव्या मिनिटाला आम्ही जिथे नेहमी बॅग ठेवतो तो दगड पूर्ण धुऊन निघाला. नंतर त्याने विषय काढला नाही.

आता नियम: लाटेचा काळ १२ सेकंदांच्या वर असेल तर खडप बंद, फक्त खाडीच्या आतला काठ.

२० मे

भांग परत. आज खाडीच्या आत, जिथे पाणी वळून बंद डबक्यासारखं होतं तिथे पहाटे पाचला गेलो, कारण जुन्या सवयीने अजून वाटत होतं की गरम पाण्यात पहाट तरी बरीच असेल. तिथे लहान बोय पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होत्या, दहा-बारा मरून काठाला लागलेल्या. पाणी हिरवट, वास येणारं.

घरी येऊन वाचलं, डोक्यात लख्ख पडलं. शेवाळ दिवसा ऑक्सिजन बनवतं पण रात्री तेही श्वासच घेतं, त्यामुळे बंद, गरम, हिरव्या पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो सूर्य उगवायच्या थोडं आधी. म्हणजे ज्या वेळेला आपण "गार आहे, मासा खुश असेल" म्हणून जातो, तेव्हा त्या डबक्यातला मासा रात्रभराच्या उपोषणानंतर शेवटच्या श्वासावर असतो. आणि भांगाला भरती-ओहोटीचा फरक कमी, बाहेरचं ताजं पाणी डबक्यापर्यंत नीट पोचतच नाही. धावत्या तोंडावर हा प्रश्न येत नाही, तिथे पाणी सतत बदलतं. दोन्ही जागा एकाच खाडीत, पाऊण किलोमीटरवर, आणि पहाटेचा अर्थ दोन्हीकडे उलटा.

२१ मे

मोठा जिताडा. सुकतीच्या मध्यावर, सकाळी साडेदहाला, तोंडाच्या कडेला जिथे धावतं आणि थांबलेलं पाणी शेजारी शेजारी असतं त्या रेषेवर. पुढे ल्युअर नव्हता, बोयच होती, गोल गळावर. गोल गळाचं लोकांना कळत नाही, झटका मारायचा नसतो, लाइन ताणली की नुसतं रील फिरवायचं, तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही.

सोडला. त्याचं कारण दानधर्म नव्हे. जिताडा जन्मतो नर आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो, म्हणजे हाताएवढे सगळे मोठे जवळपास माद्याच, आणि अंडी घालायला त्या खाऱ्या तोंडाकडेच येतात. तीच काढली तर मागे नुसते नर. पण ३१ अंशाच्या पाण्यात सोडणं म्हणजे पाण्यात फेकून देणं नव्हे. दमलेल्या माशाला ऑक्सिजन जास्त हवा आणि पाण्यात तो कमी, म्हणून जड रॉड वापरून लवकर आणायचा, उगीच खेळवत बसायचं नाही. पाण्याबाहेर दहा सेकंद, ओला हात, पोटाखाली आधार, तोंड प्रवाहाकडे धरून उभं राहायचं. साधारण दोन मिनिटांनी शेपटीने माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला. फोटो हललेला आलाय, भाच्याचा दोष.

वाळूत उभं राहिलो होतो म्हणून ही पण नोंद: पाय उचलून टाकायचा नाही, घासत चालायचं. गरम उथळ पाण्यात पाकट वाळूखाली बसलेली असते, पाय लागला की काटा मारते, घासत गेलात तर आधीच पळते. काटा लागलाच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, ते विष उष्णतेने निकामी होतं, आणि मग डॉक्टर.

२६ मे

रात्री गेलो, उद्या अमावास्या. साडेआठ ते अकरा, भरती चढती. पाण्यात निळी ठिणगी, लाइन जिथे पाणी कापते तिथे चकाकती रेघ, बोय उडाली की निळा फटका. नॉक्टिल्यूका नावाचा सूक्ष्म जीव, हलवलं की चमकतो. बघायला स्वर्ग, गरवायला त्रास, माझा अंदाज असा की माशालाही ती रेघ दिसते. ल्युअर ओढत होतो तेव्हा शून्य, आमिष तळाला ठेवून अजिबात न हलवता बसलो तेव्हा दोन तांबोशी. पाणी रात्री दहाला ३०.८. म्हणजे रात्र झाली म्हणून समुद्र गार होतो वगैरे काही नाही, दिवसभराच्या आणि रात्रीच्या पाण्यात जेमतेम अर्धा अंश फरक.

एका ओळखीच्यांनी आज बॅरोमीटरची थिअरी ऐकवली, हवेचा दाब उतरला की मासा खातो. मी वाद घातला नाही पण इथे लिहितो: मासा एक मीटर खाली गेला की त्याच्यावर साधारण १०० हेक्टोपास्कल दाब वाढतो. हवेतला तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे तीन-चार सेंटीमीटर पाणी, डोक्यावरून एक लाट गेली की त्याच्या दसपट होतं. दाबाबरोबर वारा, ढग, लाटा बदलतात, त्याचा परिणाम असेल. कॉलम ठेवलाय, पण माझा विश्वास नाही.

३० मे

पहाटे दणकून पाऊस. दुपारी सुकतीला गेलो, खाडीतून तांबडं पाणी येतंय आणि समुद्राच्या हिरव्या पाण्याला एक सरळ रेषा. हायड्रोमीटर (आकडा जेवढा मोठा तेवढं पाणी खारट) वरच्या पाण्यात १.०१२, तोच थर्मामीटरच्या वायरला बाटली बांधून तीन मीटर खालून काढलेल्या पाण्यात १.०२२. गोडं पाणी हलकं, वरच तरंगतंय. तापमान पहिल्यांदाच उलटं, वर २८.१, खाली २९.९. महिनाभर वर गरम खाली गार होतं, एका पावसात पालटलं. रंगाच्या रेषेवर हिरव्या बाजूला मुडदुशी चार, तांबड्या बाजूला शिंगाळे.

दोरी खडपात अडकून तुटली आणि थाळी गेली. दुसरी करायला जुनं झाकण शोधतोय, पांढरा रंग आहे घरात.

भाचा उद्या परत चालला. जाताना तक्ता नीट लावून दिलाय, "वेळ" हा कॉलम काढून टाकला आणि तिथे "पाणी उलटून किती मिनिटं झाली" असा केला, एप्रिलच्या नोंदीही त्या ४५ मिनिटांच्या हिशोबाने परत भरल्या. १४ एप्रिलच्या ओळीत आता "पहाट" कुठेच नाही, पहिला मासा पाणी उलटल्यावर आठव्या मिनिटाला असं दिसतंय. मात्र ते ४५ मिनिटं भांगाच्या दिवशी मोजलेले, उधाणाला तेवढेच असतील असं नाही, तेव्हा पुढच्या पौर्णिमेला लाटा परवानगी देत असतील तर बाटली घेऊन खाडीच्या आतल्या काठावरून परत मोजायचं आहे.